आठ दिवसांची सवय

आमच्या बंदराच्या गावात चष्म्याचं दुकान एकच आहे, आणि ते माझं. त्यामुळे कुणाला किती दिसतं हे मला ठाऊक असतं, आणि कोण कुणाकडे बघतं हेही. लोक म्हणतात मी नको तिथे नाक खुपसते. खुपसते. पण पोस्टाच्या पेटीत सापडलेली कवळी कुणाची हे पोस्टमनला तीन आठवडे कळलं नाही, ते मला एका दुपारी कळलं. धक्क्यावरच्या तिकीटखिडकीतलं स्टूल रोज संध्याकाळी कुठे जातं हेसुद्धा मीच शोधून काढलं. चष्मा दुरुस्त होईपर्यंत माणूस समोर रिकामा बसलेला असतो. त्याला धड काही दिसत नसतं, म्हणून तो बोलत राहतो. मी स्क्रू पिळते आणि ऐकते. माझी सगळी विद्या एवढीच.

तर त्या मंगळवारी लाँच वाळूत रुतली.

आमच्या धक्क्यावरून समोरच्या काठाला दिवसभर लाँच जाते. मध्ये वाळूची एक लांब पट्टी आहे. भरतीला ती खोल पाण्याखाली असते, ओहोटीला तिच्यावर गुडघाभरसुद्धा पाणी उरत नाही. म्हणून धक्क्यावर एक काळा फळा लावलाय. रोज सकाळी सात वाजता आमचे भरतीमास्तर वर्षाच्या छापील पुस्तकातून त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा बघतात आणि फळ्यावर खडूने लिहितात. त्यांचं हुद्द्याचं नाव काहीतरी लांबलचक आहे, पण गाव त्यांना भरतीमास्तरच म्हणतं. पूर्ण ओहोटीच्या एक तास आधीपर्यंत लाँच सोडायची, मग एक तास नंतरपर्यंत थांबायचं, असा नियम. ड्रायव्हर फळा बघतो आणि निघतो.

ड्रायव्हर म्हणजे माझे जावई. सहा दिवस रजेवर भावाकडे गेले होते, त्याच सकाळी कामावर परतले. दहा वीसला लाँच सोडली आणि दहा पस्तीसला ती वाळूवर चढून एका अंगाला कलली. एकतीस माणसं होती आत. लाँचचा पाण्यातला पंखा वाकला, आणि एक आजोबा बाकावरून पडले, त्यांचं मनगट मोडलं. आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाई लाँचमध्येच होत्या म्हणून बरं, त्यांनी एका छत्रीची काडी लावून हात बांधला. पाणी चढून लाँच सुटेपर्यंत सव्वा तास गेला.

बंदराचे साहेब आले, त्यांनी फळा बघितला. पूर्ण ओहोटी, दहा पन्नास. म्हणजे नऊ पन्नासनंतर लाँच सुटायलाच नको होती. जावई म्हणाले, सकाळी फळ्यावर अकरा चाळीस होतं. साहेब म्हणाले, फळा तुमच्यासमोर आहे. त्यांनी लायसन्स खिशात घातलं आणि शनिवारी अकरा वाजता चौकशी ठेवली.

बुधवारी मुलगी दुकानात आली. लग्नाला दोन वर्षं झालीत, धक्क्यामागच्या दोन खोल्यांत राहतात, त्याही नोकरीबरोबर मिळालेल्या. काउंटरवरचा आरसा उगाचच सरळ करत ती म्हणाली, "आई, डोळ्यांना असं होतं का गं? दहा पन्नासचं अकरा चाळीस दिसावं असं?"

"नाही होत," मी म्हटलं.

"सगळे म्हणतात, रजेवरून आले, झोपेत असतील. ते मला म्हणाले, तुला काय वाटतं ते तरी सांग." तिने आरसा पुन्हा वाकडा केला. "मला पटकन उत्तर देता आलं नाही, आई. तेव्हापासून ते माझ्याशी नीट बोलत नाहीयेत."

 नोकरी गेली तर दुसरी मिळते, पण हे जे दोघांच्या मध्ये येऊन बसलं होतं ते कुठल्या कामाने भरून निघणार? मी दुकान ओढून घेतलं आणि तिच्या घरी गेले. जावई खाटेच्या कडेवर बसून बुटाच्या नाड्या ओवत होते. ओवून झालेल्या नाड्या काढून पुन्हा ओवत होते.

"जावईबापू," मी म्हटलं, "फळा कुणीतरी बदललाय. ज्याने हे केलं त्याला शनिवारी सगळ्यांसमोर उभं करते की नाही बघा."

"तुमचा विश्वास आहे, आई?"

"तुम्हाला खोटं बोलता आलं असतं तर माझ्या वांग्याच्या भाजीला छान म्हणाला असतात," मी म्हटलं. ते हसले नाहीत, पण नाड्या बाजूला ठेवल्या.

माझा पहिला संशय दुसऱ्या ड्रायव्हरवर. जावयांच्या रजेत लाँच त्यानेच चालवली होती आणि त्याला ती कायमची हवी आहे हे अख्ख्या गावाला माहीत होतं. बुधवारची सगळी दुपार मी त्याच्या मागावर घालवली. तर निष्पन्न काय, मंगळवारी सकाळी नऊ ते अकरा तो न्हाव्याच्या खुर्चीत होता. अर्धी दाढी झाल्यावर न्हाव्याला फोन आला आणि तो फोनवर भांडत बसला. फेस लावलेल्या त्या माणसाला रस्त्यावरून जाणाऱ्या निम्म्या गावाने बघितलं होतं. माझा संशयित गेला.

चिडून परत येताना शिंपीदादांकडे टाकलेला दुकानाचा पडदा घेतला. शिंपीदादा मशीनवर इतके वाकले होते की सुई नाकात जाते की काय असं वाटावं. पडद्याची खालची टीप बघितली तर ती निघाली होती एकीकडे आणि पोचली होती दुसरीकडे.

"दादा, हे काय? तीस वर्षांत तुमची टीप अशी बघितली नाही."

"मान धरलीय हो, वहिनी. सवय होतेय अजून."

कशाची सवय, हे विचारायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात फळ्याचा किडा वळवळत होता. मी पडदा काखेत मारला आणि निघाले.

गुरुवारी सकाळी नर्सबाई आल्या. चष्म्याची काडी ढिली झाली होती. त्यांनी चष्म्याचं घर उघडून काउंटरवर ठेवलं, आणि त्याच्या आत घडी घालून ठेवलेलं लाँचचं तिकीट मला दिसलं. मंगळवारचं. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं, बारा चाळीस.

"हे काय, बाई?"

"ती तिकीटवाली लिहून देते ना. ओहोटीनंतर परतीची पहिली लाँच किती वाजता, ते."

माझे हात थांबले. ओहोटीनंतर एक तासाने लाँच सुरू होते. बारा चाळीसमधून एक तास काढला की अकरा चाळीस. मी नर्सबाईंना तिथेच बसवलं आणि तिकीट घेऊन धक्क्यावर धावले, म्हणजे माझ्या वयाला जमेल तसं धावले. तिकीटवाली आपल्या स्टुलावर बसली होती.

"मी फळा बघते, त्यात तास मिळवते आणि प्रत्येक तिकिटावर लिहिते," ती म्हणाली. "सगळ्या एकतीस तिकिटांवर बारा चाळीसच लिहिलंय."

"मग हे साहेबांना का नाही सांगितलंस?"

"साहेबांनी तिकिटं किती फाडली एवढंच विचारलं. तेवढं सांगितलं."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. माझा जीव भांड्यात पडला होता. जावई खरं बोलत होते, आणि आता ते कागदावर होतं. सकाळी फळ्यावर अकरा चाळीस होतं, साहेब आले तेव्हा दहा पन्नास. मध्ये कुणीतरी पुसून लिहिलं. ते कोणी केलं ते मास्तरांनाच विचारावं म्हणून मी त्यांच्या खोलीकडे वळले. त्यांच्यावर संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. सव्वीस वर्षांत त्या फळ्यावर कधी चूक झाली नव्हती. माझ्या नवऱ्याचे ते जुने स्नेही. नवरा गेला तेव्हा दुकानाची फळी उघडायला पहिले आठ दिवस तेच रोज येत होते.

त्यांची खोली धक्क्याच्या गोदामावर आहे, बाहेरून लाकडी जिना. दार उघडं होतं. मी हाक मारणार एवढ्यात मला दिसलं आणि मी तशीच उभी राहिले. मास्तर टेबलापासून पाण्याच्या माठाकडे चालत होते. डोळे मिटलेले. एक हात पुढे धरलेला. ओठ हलत होते. सातव्या पावलाला ते थांबले, हात खाली नेला, तो बरोबर माठावरच्या पेल्यावर पडला. मग वळून ते परत पावलं मोजत टेबलाकडे आले.

"मास्तर," मी म्हटलं.

ते दचकले, डोळे उघडले आणि टेबलावरचा चष्मा घाईने नाकावर चढवला. "वहिनी होय. या, बसा."

मी तिकीट पुढे केलं. "हे जरा वाचा."

त्यांनी ते हातात घेतलं, लांब धरलं, मग हात पूर्ण ताठ करून आणखी लांब धरलं. "ठेवा इथे. सवडीने वाचतो."

"बारा चाळीस लिहिलंय, मास्तर. सकाळी फळ्यावर अकरा चाळीस होतं."

ते खुर्चीत बसले. 

"मीच लिहिलं होतं," ते म्हणाले. "मीच पुसलं. लाँच रुतल्याचा आरडाओरडा झाला तेव्हा पुस्तक दारातल्या उजेडात नेलं, भिंग लावलं. बघतो तर बुधवारची ओळ वाचली होती. घाईघाईने फळा दुरुस्त केला. साहेब येईपर्यंत तो बरोबर होता. काल सकाळी ठरवलं, आजही ठरवलं, जाऊन सांगायचं. जिन्यापर्यंत जातो आणि परत येतो." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "डोळे गेले माझे, वहिनी. मंगळवारपासून सराव करतोय. माठ सात पावलं. खाट पाच. जिना अकरा पायऱ्या. एकटा माणूस मी, अचानक अंधार झाला तर अडायला नको."

मला संताप आला, आणि तो लपवायचा कशाला. "जावयांचं घर बुडत होतं आणि तुम्ही इथे पावलं मोजत बसलात?"

"हो," ते म्हणाले. 

"आणि डोळ्यांना त्रास होता तर माझ्याकडे का नाही आलात? गावात एकच तर दुकान आहे."

"तुमच्याकडे कळलं म्हणजे गावाला कळलं," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आणि यायचं तरी काय म्हणून? तुम्हीच सांगितलं होतंत, नवा चष्मा आहे, आठ दिवस जातील सवय व्हायला. म्हणून आठ दिवस थांबलो. तोवर भिंग धरून वाचलं, एक चूक झाली नाही. मंगळवारी आठ दिवस भरले. म्हटलं, आता भिंग सोडायला हवं. भिंग खणात ठेवलं आणि नुसत्या चष्म्याने वाचलं. पुसट दिसत होतं. पण आठ दिवस झाले होते ना. म्हटलं, चष्म्याचा दोष असता तर एव्हाना गेला असता. म्हणजे डोळेच."

मी त्यांच्या हातातून चष्मा घेतला. चॉकलेटी फ्रेम, मागच्या खेपेला मी एकसारख्या डझनभर आणल्या होत्या त्यातली. पुस्तक उघडं होतं. मी काच छापील ओळीवर धरली आणि हळूच डावीकडे-उजवीकडे हलवली. पस्तीस वर्षं हे काम केलं की यंत्र लागत नाही, ओळ किती सरकते त्यावरून नंबर कळतो. मास्तरांचा नंबर अडीच. ही काच दीडची होती.

दीडचा नंबर कुणाचा हे आठवायला मला क्षणही लागला नाही. सुईवर नाक टेकवून बसलेले शिंपीदादा डोळ्यांसमोर आले. कमी नंबर मिळालेला माणूस कागद लांब ढकलतो, जास्त मिळालेला जवळ ओढतो. एकाच आठवड्यात दोघं माझ्यासमोर तेच करत होते आणि मी गावभर न्हाव्यांच्या चौकशा करत फिरत होते.

मग मागच्या आठवड्यातला तो सोमवारही आठवला. दोघं एकाच वेळी दुकानात बाकावर बसले होते. दोन्ही चष्मे, एकाच चॉकलेटी फ्रेमचे, पाकिटातून काढून काउंटरवर ठेवलेले. आणि मी त्यांना तिकीटखिडकीतलं स्टूल कसं शोधलं ते रंगवून सांगत होते, अगदी हातवारे करून, स्टूल कसं उचललं, कसं लपवलं. त्या भरात एक चष्मा इकडे दिला, एक तिकडे. माझ्या नवऱ्याचा नियम होता, गिऱ्हाइकाने अक्षरांचं कार्ड वाचून दाखवल्याशिवाय त्याला उठू द्यायचं नाही. त्या दिवशी कार्ड खणातच राहिलं. शिंपीदादा म्हणालेही होते, जरा वेगळं वाटतंय. मी म्हटलं, आठ दिवस जातील सवय व्हायला. सगळ्यांनाच म्हणते. तोंडातच बसलंय ते.

माझ्या पायाखालची वाळू सरकली.  "मास्तर, तुमचे डोळे शाबूत आहेत," मी म्हटलं. "चूक माझी आहे. अर्ध्या तासात येते. पावलं मोजू नका तोवर."

शिंपीदादांच्या नाकावरून मी त्यांचा चष्मा न विचारताच काढला आणि हातातला चढवला. त्यांनी मशीनवरचं कापड बघितलं आणि म्हणाले, "अरे देवा, हे मी शिवलंय?" मग माझ्याकडे बघितलं. माझं तोंड बघून पुन्हा मशीनकडे वळले.

मास्तरांना त्यांचा चष्मा घातला. त्यांनी पुस्तक उघडलं, जवळ धरलं, एक पान वाचलं, मग दुसरं. मग उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि तारखांखालची बारीक अक्षरं वाचू लागले. पाठ माझ्याकडे होती. खांदे हलत होते. मला जवळ जावंसं वाटलं, पण कोणत्या तोंडाने जाणार?

मग वळून ते म्हणाले, "शनिवारी मी सांगतो. ओळ मी चुकलो, फळा मी पुसला. जावई सुटतील. तुम्ही मध्ये पडू नका, वहिनी. दुकानावर गावाचा भरवसा आहे."

खोटं कशाला बोलू, शुक्रवारभर मला ते पटत होतं. मास्तर स्वतःहून म्हणत होते. जावई सुटणार होते. मला फक्त गप्प बसायचं होतं, जे मला उभ्या जन्मात जमलं नव्हतं, ते एकदा जमवायचं होतं. दुकानाची फळी अर्धी ओढून मी आत बसून राहिले, मुलीकडेसुद्धा गेले नाही. दुपारी एक बाई नातवाचा चष्मा घ्यायला आली. पोराने चष्मा घातला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, वेगळंच वाटतंय. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. मी ते गिळलं आणि खणातून कार्ड काढलं.

शनिवारी बंदराच्या कचेरीत खुर्च्या पुरल्या नाहीत. लाँचमधली बरीच माणसं होती, हात गळ्यात बांधलेले आजोबाही होते. मुलगी आणि जावई एका बाकावर बसले होते, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. मी तिकीट साहेबांच्या टेबलावर ठेवलं, तिकीटवालीने सांगितलं, तिला विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. मग मास्तर उठले आणि त्यांनी आपलं सांगितलं, एकही शब्द हातचा न राखता.

साहेबांनी लिहून घेतलं. "म्हणजे डोळ्यांचा दोष लपवून ठेवलात," ते म्हणाले.

"त्यांचे डोळे ठीक आहेत," मी उभी राहिले. "मी त्यांना दुसऱ्याचा चष्मा दिला. आणि त्यांनी तक्रार करू नये याचीही सोय करून ठेवली."

 मी सगळं सांगितलं. स्टुलाची गोष्ट, दोन चष्मे, न काढलेलं कार्ड, आठ दिवस. बोलताना माझं लक्ष त्या आजोबांच्या गळ्यातल्या हाताकडे जात होतं. शेवटी त्यांच्यासमोर जाऊन म्हटलं, "आजोबा, हे माझ्यामुळे झालं." त्यांनी मान हलवली, हो म्हणून की असू दे म्हणून, ते मला आजही कळलेलं नाही.

साहेबांनी विचारलं, "असे आणखी कुणाला दिलेत का?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. ते म्हणताना जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात वाटली नव्हती.

जावयांना लायसन्स तिथेच परत मिळालं. मास्तरांना दोन महिने कचेरीत बसायला सांगितलं, फळा तोवर दुसरा माणूस लिहील. मला कुणी काही शिक्षा केली नाही, माझं दुकान त्यांच्या अखत्यारीत येत नाही. बाहेर आल्यावर जावई माझ्यापाशी थांबले. मी मान वर केली नाही.

"ज्याने केलं त्याला उभं करते म्हणालात, आणि केलंत," ते म्हणाले. मग मुलीकडे वळून म्हणाले, "चल." ती त्यांच्याबरोबर गेली. काही पावलं गेल्यावर तिने त्यांचा हात धरला. माझ्याकडे वळून तिने काही बघितलं नाही. तो राग तिचा हक्काचाच होता.

सोमवारी मी दाराला कागद लावला, वर्षभरात चष्मा नेलेल्यांनी येऊन कार्ड वाचून जावं. काहीजण शेजारच्या गावी गेले ते गेलेच. बाकीचे आले. सगळ्यात आधी मास्तर आले आणि बाकावर बसले.

मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वरपासून वाचायला सुरुवात केली, एकेक ओळ, अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत. त्याच्याही खाली छापखान्याचा पत्ता आहे, तो मीही कधी वाचला नव्हता. तोही त्यांनी वाचला.

"आठ दिवस ना?" त्यांनी विचारलं. थट्टेत की खरंच, कोण जाणे.

"नाही, मास्तर. आत्ता दिसतंय का, तेवढं सांगा."

"दिसतंय," ते म्हणाले. "लख्ख दिसतंय."

चष्मा नाकावर नीट बसवून ते उठले आणि दारातून बाहेर पडले. माझ्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत. भर दुपारचं ऊन होतं, पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या. मास्तर उतरताना त्यांचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन.